‘गूगल वाचून येऊ नये’ ही पाटी आधी काढा

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. निफाडला द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या आणि नाशकातही सकाळी सातला रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. अशा एका सकाळी सिडकोतून एक आई सात वर्षांच्या मुलाला रिक्षाने घेऊन आली. मुलगा पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती. नाव विचारलं, तर नाव सांगून आडनावापर्यंत पोचेना. स्पेसरमधून औषध आणि ऑक्सिजन दिल्यावर तासाभराने तो पाणी मागू लागला आणि मग मी आईकडे वळलो.

“रोजचा पंप चालू आहे ना?”

तिने मान खाली घातली. तीन आठवड्यांपूर्वी बंद केला होता. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला होता: पंपात स्टेरॉइड असतं, उंची खुंटते, एकदा लावला की आयुष्यभर सुटत नाही. खाली कुठल्यातरी चूर्णाची जाहिरात आणि पैसे भरायचा नंबर. मी चिडलो आणि आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी म्हणतो तेच म्हणालो, “ताई, मोबाईलवर वाचून मुलाचे उपचार करू नका.”

ती शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, रात्री दोनला तो खोकत होता तेव्हा मी कोणाला विचारायचं होतं? तुमचा दवाखाना बंद. ग्रुपवर लिहिलं, तर पाच मिनिटांत तिघीजणी बोलल्या.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण उत्तर नाही. पण त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते माझ्या काही व्यवसायबंधूंना आवडणार नाही. बालदम्याच्या घरांना मोबाईलवरून मदत मिळायलाच हवी आणि ती आपण डॉक्टरांनी द्यायला हवी. ती जागा आपण रिकामी सोडली, म्हणून तिथे चूर्णवाले येऊन बसले. ‘गूगल वाचून येऊ नये’ अशी पाटी लावून ती जागा परत मिळत नाही.

दमा हा दवाखान्यात सांभाळायचा आजार नाही, हे आधी समजून घ्या. अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, विषय संपतो. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. धूळ, थंड हवा, सर्दी, फटाके, उदबत्ती, शेजारच्या बागेतली फवारणी असं काही मिळालं की त्या नळ्या आवळतात. सूज रोज थोडी थोडी आवरावी लागते, आणि ती घरी, दात घासता घासता आवरावी लागते. एखादं मूल वर्षातून चार वेळा माझ्याकडे येतं. प्रत्येक वेळी मी दहा मिनिटं देतो, म्हणजे वर्षाला चाळीस मिनिटं. वर्षाची मिनिटं असतात पाच लाख पंचवीस हजार. उरलेला सगळा दमा आई, आजी, शाळेतल्या बाई आणि ते मूल स्वतः सांभाळत असतं. आणि आम्ही त्यांना काय देतो? घाईत लिहिलेली चिठ्ठी आणि “परत महिन्याने या”.

पंप लिहून देणं म्हणजे उपचार झाला असं आम्हाला वाटतं. पण तो घरी कसा घेतला जातो? मी गेली काही वर्षं पालकांना सांगतो, घरी पंप देतानाचा व्हिडिओ काढून पाठवा. सुरुवातीला मला वाटायचं, दहात दोघं चुकत असतील. आता व्हिडिओ उघडताना मी चूक शोधतच बसतो आणि ती बहुधा सापडते. पंप न हलवता दाबलेला असतो. एका वेळी दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडलेले असतात. मास्क आणि गाल यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट असते. मूल भोकाड पसरून रडत असतं आणि आईला वाटतं, रडताना औषध जास्त आत जातं. (उलट आहे. रडताना ते बहुतेक तोंडात आणि घशात अडकतं.) एका व्हिडिओत मागे आजी दिसल्या, स्पेसर सुती फडक्याने चकचकीत पुसत होत्या. इतक्या मायेने केलेली ती चूक होती की सांगताना मला वाईट वाटलं. कोरड्या फडक्याने पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण आतल्या भिंतीलाच चिकटतात. साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, इतकंच.

यातली एकही चूक मला ओपीडीत दिसली नसती. तिथे आई म्हणते “हो, देते”, मी म्हणतो “छान”, आणि पुढच्या महिन्यात “औषध लागू पडत नाही” म्हणून मी डोस वाढवतो. चाळीस सेकंदांच्या एका व्हिडिओने हे टळतं. मोबाईलमुळे डॉक्टर-रुग्ण नातं तुटतं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या किती पेशंटच्या घरचा स्पेसर तुम्ही पाहिला आहे?

आता त्या फॉरवर्डकडे वळू. त्यातलं सगळं खोटं नव्हतं, म्हणून तर ते चाललं. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, हे खरं. उंचीचंही थोडं खरं. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड चार-साडेचार वर्षं दिलं आणि ती मोठी झाल्यावर त्यांची उंची मोजली. पंप न घेतलेल्यांपेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हा फरक पहिल्या एक-दोन वर्षांतच पडला, पुढे वाढत गेला नाही. बऱ्याच लहान मुलांना याच्या निम्माच डोस पुरतो. शिवाय न आवरलेला दमाही वाढ खुंटवतो. हे आकडे आम्ही आयांना सांगत नाही. “काही होत नाही हो” म्हणून उडवून लावतो. मग ग्रुपवर कोणीतरी ‘उंची खुंटते’ म्हटलं की त्या आईला वाटतं, डॉक्टरांनी लपवलं. खरंच लपवलेलं असतं.

आणि पंप टाळून काय घेतलं जातं, तेही बघा. साल्ब्युटामॉलचं नेहमीचं सिरप घ्या. पाच मिलिलीटरच्या चमच्यात दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा बरोबर वीस पफ. ते वीस पफ पोटात जातात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात, मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुफ्फुसांना त्यातलं जेमतेम काही पोचतं. तरीही सिरप ‘साधं’ आणि पंप ‘कडक’! स्टेरॉइडचंही तसंच. पंप बंद करून दम्याचा झटका आला, की वीस किलोच्या मुलाला आम्ही तीन दिवस रोज वीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतो, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. रोज २०० मायक्रोग्रॅमच्या पंपाने तेवढं वजन भरायला दहा महिने लागतील. दोन औषधांची ताकद सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे. मी हे आकडे एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो. माझ्या सगळ्या भाषणबाजीपेक्षा तो कागद जास्त ग्रुपांत फिरला आहे.

हा प्रश्न पालकांच्या गैरसमजापुरता नाही, जिवाचा आहे. जागतिक आजारभाराच्या २०१९च्या अंदाजानुसार जगातले दम्याचे सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आपल्याकडे मृत्यूंची बारकाईने छाननी होत नाही. ब्रिटनने केली. तिथल्या राष्ट्रीय पाहणीत १९५ जणांच्या मृत्यूचे कागद एकेक करून तपासले आणि २०१४ साली अहवाल दिला. ८७ जण मदत मागण्याआधी किंवा तातडीची मदत मिळण्याआधीच गेले होते. त्रास वाढला तर काय करायचं, हे लिहून दिल्याची नोंद १९५ पैकी फक्त ४४ जणांची होती. तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, प्रत्येकाचा ठरलेला फॅमिली डॉक्टर आहे, तिथली ही कथा. कमी पडली ती त्रास वाढत असतानाच्या तासांमधली मदत. हे तास बहुधा रात्रीचे असतात आणि घरातले असतात.

“पण फोनवर सल्ला देणं कायद्यात बसतं का?” हा प्रश्न मला अजून डॉक्टरच विचारतात. बसतं. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात व्हिडिओ, फोन आणि लेखी संदेश, व्हॉट्सअॅपसुद्धा, असे सगळे मार्ग मान्य आहेत. मूल लहान असेल तर सोबत मोठं माणूस हवं, नोंद ठेवायला हवी आणि फी घेता येते. त्याच सुमारास सरकारची ई-संजीवनी घरोघरच्या मोबाईलवर आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले झाले. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून आरोग्य उपकेंद्रात गेलं, तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी बोलता येतं. फुकट. म्हणजे परवानगीही आहे आणि व्यवस्थाही आहे. नाही ती आमची इच्छा.

फोनने खरंच फरक पडतो का, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात ३ ते १० वर्षांच्या ४०० दमेकरी मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांना रोजचं औषध शाळेतच, देखरेखीखाली दिलं आणि त्यांची पुढची तपासणी शाळेतूनच ऑनलाइन केली. वर्षभरात दम्यासाठी इमर्जन्सीत किंवा दवाखान्यात भरती व्हावं लागलेली मुलं या गटात ७ टक्के होती, दुसऱ्या गटात १५ टक्के. यात कुठलंही भारी अॅप नव्हतं. रोजचं औषध पोटाऐवजी फुफ्फुसात आणि सुट्टी न घेता पोचलं, आणि पाठपुरावा करणारा डॉक्टर पडद्यावर का होईना, हजर राहिला.

एवढं बोलून माझी एक चूक सांगतो, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. काही वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता एका आईने मला मुलीचा व्हिडिओ पाठवला. पोट उडत होतं, गळ्याखालची खळी आत जात होती. मी तो सकाळी सहाला पाहिला. साडेचार तास ती माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती, कारण ‘काहीही वाटलं तर व्हिडिओ पाठवा’ असं मीच सांगितलं होतं. मुलगी तीन दिवस ऑक्सिजनवर राहून बरी झाली. त्या आईने मला एक शब्दही सुनावला नाही, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चिठ्ठीखाली ठळक अक्षरांत असतं: मेसेज ही अॅम्ब्युलन्स नाही.

म्हणून हे पाठ करा. मूल एका दमात वाक्य पूर्ण करू शकत नसेल, दूध किंवा पाणी पिताना थांबत असेल, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा दमून गुंगीत जात असेल, तर टाइप करत बसू नका. तातडीच्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल तरी तेच. निघा, किंवा १०८ ला फोन करा. वाटेत स्पेसरमधून तातडीचा पंप द्या: एका वेळी एकच पफ, पाच-सहा श्वास, मग पुढचा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन ते सहा पफ, मोठ्या मुलाला चार ते दहा, आणि गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. छातीची शिट्टी अचानक थांबली पण मूल मलूल झालं, तर ते बरं होणं समजू नका. हवा आत जाणंच बंद झाल्याची ती खूण असू शकते.

आणि पहिल्यांदाच छाती वाजली असेल तर निदान फोनवर मागू नका, आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. दोन वर्षांचं मूल शेंगदाणे खाता खाता ठसकलं आणि मग छाती वाजू लागली, तर तो दमा नसतो. दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. तो स्टेथोस्कोपने सापडतो, इमोजीने नाही. वजन न वाढणं, महिनोन्‌महिने खोकला, घरात टीबीचा रुग्ण असणं, हे सगळं समोरच तपासावं लागतं.

ग्रुपच्या अॅडमिन ताई-दादांना माझं थेट सांगणं आहे. तुमच्या ग्रुपची मला गरज आहे. रात्री दोनला घाबरलेल्या आईला “आमच्याकडेही असंच झालं होतं, घाबरू नकोस” म्हणणारी दुसरी आई मी होऊ शकत नाही. कुठल्या शाळेच्या बाई पंप वर्गात ठेवू देतात, सातपूरला कुठल्या दुकानात छोटा मास्क मिळतो, दिवाळीच्या चार दिवसांत मुलाला कुठे न्यायचं, हे तुम्हालाच माहीत असतं. पण औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं, ही तीन वाक्यं तुमच्या ग्रुपवर उमटू देऊ नका. आणि ‘दमा मुळापासून बरा’ असं लिहिणारा दिसला, की त्याला काढून टाका. आपल्या देशाच्या औषध नियमांत अनुसूची ‘जे’ नावाची यादी आहे. त्यातले आजार औषधाने बरे होतात असा दावा औषधावर करता येत नाही. श्वासनलिकेचा दमा त्या यादीत आहे. घटक न छापलेल्या पुडीने तीन दिवसांत जादू झाली, तर मला त्या पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय येतो. तेच स्टेरॉइड, ज्याच्या भीतीने पंप सोडला! आणि हो, मुलाचा धापा टाकतानाचा व्हिडिओ दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकू नका. उद्या तो त्याच्या वर्गमित्रांच्या मोबाईलवर असतो.

व्यवसायबंधूंचा आक्षेप ठरलेला आहे: वेळ कुठून आणायचा? मी आठवड्यातून दोन संध्याकाळी पाऊण तास ठेवतो. पूर्वतपासणी झालेले, नोंद असलेले पेशंटच. फी घेतो, ओपीडीच्या निम्मी, आणि ती मागताना मला लाज वाटत नाही. फुकटचा सल्ला चालता चालता दिला जातो आणि चालता चालताच विसरला जातो. चुकलेलं तंत्र दुरुस्त केलं की झटका घेऊन मध्यरात्री येणारं मूल कमी होतं, त्यामुळे माझा तरी एकूण वेळ वाचतो. ज्यांना हेही जमणार नाही, त्यांनी निदान एक करावं. पंप लिहिताना त्याच टेबलावर, आईच्याच मोबाईलवर, तिच्याच मुलाला पंप देतानाचा व्हिडिओ काढून द्यावा. दोन मिनिटं लागतात. यूट्यूबवरच्या परक्या मुलापेक्षा आपल्या मुलाचा व्हिडिओ आजीसुद्धा परत परत बघते.

स्पेसर परवडत नाही म्हणून थांबू नका. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की ५०० मिलिलीटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून फट नीट बंद केली, तर ती बाटली दुकानातल्या स्पेसरसारखंच काम करते. दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर आलेल्या सुरगाण्याच्या एका बापाला मी हे फोनवर दाखवलं. त्याने तार तापवून भोक पाडलं, बाजूने चिकटपट्टी गुंडाळली आणि शेताच्या बांधावर उभं राहून व्हिडिओ पाठवला. मागून फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी त्याला पहिली गोष्ट ही सांगितली, की आधी पोरीला तिथून लांब ने.

मला काय पाठवायचं, तेही सांगतो. शर्ट काढून, छातीपासून पोटापर्यंत दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पंप देतानाचा दुसरा. आणि महिन्याभरात किती रात्री खोकल्याने जाग आली, किती वेळा तातडीचा पंप लागला, किती दिवस शाळा बुडली, हे तीन आकडे. ‘बरा आहे’ असं लिहू नका, त्यावरून मला काही कळत नाही. पंपातलं औषध संपलं का, हे पाण्यात तरंगवून बघू नका. पफ मोजा, नाहीतर आकडा दाखवणारा पंप मागून घ्या.

सिडकोतल्या त्या मुलाचा पंप आता रोज चालू आहे. परवा त्याच्या आईने विचारलं, तो स्टेरॉइडच्या आकड्यांचा कागद शाळेच्या ग्रुपवर टाकू का, खाली तुमचं नाव असेल, लोक तुम्हालाच प्रश्न विचारत बसतील. मी म्हटलं, टाका. पहिल्याच रात्री सतरा प्रश्न आले. अकरांची उत्तरं दिली आहेत, उरलेले सहा आज संध्याकाळी बघतो.